बारावीनंतर फॉर्म भरताय? आधी कोर्स एडेड आहे का ते बघा

दरवर्षी बारावीचा रिझल्ट लागला की मुंबईत आमच्या काळाचौकीच्या चाळीतली पोरं फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात आणि मी पहिलं हेच विचारते, कोर्स एडेड (अनुदानित) आहे की सेल्फ फायनान्स (विनाअनुदानित)? कटऑफ पाठ असतो पण हे बहुतेकांना माहीतच नसतं.

एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही चालतात बरं का. साधं बीए, बीकॉम, बीएससी जुन्या कॉलेजांत बहुतेक अनुदानित असतं, म्हणजे मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं आणि म्हणून फी आवाक्यात राहते. बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्स), बीएससी आयटी, मास मीडिया हे सेल्फ फायनान्स, शिक्षकांच्या पगारापासून लॅबच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं पोरांच्या फीतून. आणि बीकॉमचीही एखादी तुकडी विनाअनुदानित असू शकते, म्हणून ऑफिसच्या खिडकीवर सरळ विचारा, "ही तुकडी ग्रँटेड आहे का?" आम्ही भावाच्या मुलीच्या वेळी विचारलं नाही, पहिल्या वर्षाची फी भिशीतून भरली, दुसऱ्या वर्षी भिशी नव्हती आणि फी तेवढीच होती, ते दिवस मी विसरले नाही.

ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेज म्हणजे विनाअनुदानित असं मात्र समजू नका. झेवियर्स कॉलेजला २०१० मध्ये ऑटोनॉमी मिळाली, म्हणजे फक्त सिलॅबस आणि परीक्षा कॉलेजची, डिग्री मुंबई विद्यापीठाचीच.

आता नवीन शैक्षणिक धोरणाचा (एनईपी) पॅटर्न. सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट, थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय) वगैरे. तीन वर्षांत डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स, एका वर्षावर सोडलं तर सर्टिफिकेट. मायनर निवडताना मैत्रिणीने काय घेतलं ते बघू नका, पुढे एमए-एमकॉम कशात करायचंय ते बघा.

बीएमएस, बीबीए, बीसीएला २०२४ पासून सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) आहे. काही कॉलेजं तोच विषय बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज म्हणून शिकवतात, तिथे सीईटी नाही, म्हणून कोर्सचं पूर्ण नाव वाचा.

पैशांसाठी महाडीबीटी, म्हणजे सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. २०२४ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) मिळालेल्या सीटलाच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. इथेच पोरी फसतात, जवळचं कॉलेज मिळतंय म्हणून कोट्यातून घेतात आणि माफी जाते. एससीच्या मुलांना उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलं तरी फ्रीशिप (फी माफी) असते, त्यामुळे आपल्याला काही मिळणार नाही असं धरून बसू नका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला रिझल्टच्या आधीच काढा, जूनमध्ये सेतू केंद्राला रांग लागते. आणि मुलीच्याच नावाचं बँक खातं आधारला लिंक करून ठेवा, पैसे थेट तिथेच येतात, लिंक नसेल तर फॉर्म मंजूर होऊनही अडकतात.