सिरॅमिक रंग व लेपने बनवणाऱ्या कंपनीची वर्षभराची कामगिरी कशी तपासावी

टाइलवरची चकाकी, वॉशबेसिनचा पांढरेपणा, चिनी मातीच्या बशीची सोनेरी कड, पाणी तापवण्याच्या टाकीच्या आतला काचेसारखा थर आणि मोटारीच्या काचेच्या कडेने जाणारा काळा पट्टा या सगळ्यांमागे सिरॅमिक रंग आणि लेपने बनवणारा उद्योग असतो. त्याचा माल दुकानात मिळत नाही, तो दुसऱ्या कारखान्यांना विकला जातो. त्यामुळे अशी कंपनी बरी चालली आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाला बहुधा तिच्या वार्षिक अहवालावरूनच कळू शकते. गुंतवणूकदार, पुरवठादार, तेथे नोकरीला जाऊ इच्छिणारा तंत्रज्ञ किंवा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, यांपैकी कोणीही तो अहवाल वाचत असला तरी त्याने एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. पहिल्या पानावर ठळक छापलेला एकूण विक्रीचा आकडा या धंद्याबद्दल सर्वांत कमी सांगतो.

पहिली पायरी: कंपनी नेमके काय विकते ते पाहा

अहवालात ‘विभागनिहाय माहिती’ नावाची टीप असते, वाचनाची सुरुवात तेथून करावी. या उद्योगातील मालाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार फ्रिटचा आणि ग्लेझचा. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, बोरॅक्स, झिंक ऑक्साइड यांसारखी द्रव्ये सुमारे १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअसला वितळवून तो रस पाण्यात ओतला की काचेचे जे दाणे बनतात, ते फ्रिट. ते दळून त्यांत इतर द्रव्ये मिसळली की ग्लेझ, म्हणजे टाइलला चकाकी देणारा लेप, तयार होतो. हा माल वजनदार आणि तुलनेने स्वस्त असल्यामुळे दूरवर नेणे परवडत नाही. म्हणूनच स्पेनमधील कास्तेयॉन किंवा इटलीतील सास्सुओलो अशा टाइल उद्योगाच्या केंद्रांभोवतीच त्याचे कारखाने उभे राहिलेले दिसतात. दुसरा प्रकार भाजून तयार केलेल्या रंगद्रव्यांचा. कोबाल्टचा निळा, प्रेसिओडिमियमचा पिवळा, क्रोम व कथिलाचा गुलाबी असे हे रंग वजनाच्या मानाने किमतीला चढे असतात आणि जगभर पाठवता येतात. तिसरा प्रकार इंकजेट छपाईसाठी लागणाऱ्या सिरॅमिक शाईचा. एकाच कंपनीत हे तिन्ही प्रकार असतील तर तिचा सरासरी नफा पाहून फारसे काही हाती लागत नाही. प्रत्येक विभागाचा नफा स्वतंत्रपणे मांडून घ्यावा.

त्याच टिपेत ग्राहक कोणत्या उद्योगातील आहेत हेही पाहावे. टाइल आणि सॅनिटरीवेअरची मागणी बांधकामावर अवलंबून असते, आणि इमारतीत टाइल अगदी शेवटच्या टप्प्यात बसत असल्याने बांधकाम परवान्यांतील घट या कंपन्यांच्या विक्रीत बऱ्याच महिन्यांनी उतरते. काचेवरच्या इनॅमलची, म्हणजे मोटारीच्या काचेवरच्या काळ्या पट्ट्यासारख्या लेपाची मागणी मात्र मोटारींच्या उत्पादनाबरोबर हलते.

दुसरी पायरी: तुलनेची दोन्ही वर्षे एकाच मापाने मोजली आहेत का ते तपासा

या उद्योगात विभागांची खरेदी-विक्री वारंवार होते आणि ती झाली की जुने आकडे नव्याने मांडले जातात. १९१९ मध्ये क्लीव्हलँड येथे स्थापन झालेल्या फेरो कॉर्पोरेशनचे उदाहरण बोलके आहे. तिची २०१८ ची विक्री त्या वर्षीच्या अहवालात सुमारे १६० कोटी डॉलर होती, तर २०१९ च्या अहवालात २०१९ ची विक्री १०० कोटी डॉलरच्या आसपास दिसते. दोन अहवाल शेजारी ठेवून वाचणाऱ्याला धंदा कोसळला असे वाटेल. प्रत्यक्षात कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये टाइल लेपनांचा विभाग विकण्याचा करार केला होता, आणि तो विभाग ‘विक्रीस काढलेला व्यवसाय’ म्हणून मुख्य विक्रीतून वेगळा काढला गेला होता. हा व्यवहार फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्ण झाला. म्हणून मागील वर्षाचा आकडा मागील वर्षीच्या अहवालातून न घेता या वर्षीच्या अहवालातील तुलनेच्या रकान्यातून घ्यावा. नवी कंपनी विकत घेतली असेल, तर उलट दिशेने तीच काळजी घ्यावी आणि खरेदीमुळे आलेली विक्री वजा करून मगच वाढीचा दर काढावा.

तिसरी पायरी: विक्रीतील वाढ फोडून पाहा

व्यवस्थापनाच्या विवेचनात विक्रीतील बदल चार कारणांत विभागलेला असतो, किंवा असायला हवा. विकलेल्या मालाचे प्रमाण, त्याची किंमत, महाग-स्वस्त मालाचे बदललेले मिश्रण आणि विनिमय दर अशी ही चार कारणे. विक्री दहा टक्क्यांनी वाढली, पण त्यात किमतीचा वाटा बारा टक्के, विनिमय दराचा तीन टक्के आणि प्रमाणातील घट पाच टक्के असेल, तर कारखान्यातून आधीपेक्षा कमी माल बाहेर पडला आहे, हे समजून घ्यावे. २०२१ च्या उत्तरार्धात आणि २०२२ मध्ये युरोपात नैसर्गिक वायू महागला तेव्हा अशा कंपन्यांवर दोन बाजूंनी भार आला. त्यांच्या स्वतःच्या भट्ट्या वायूवर चालतात आणि त्यांच्या टाइल उत्पादक ग्राहकांच्याही. वाढीव खर्चापोटी किमती चढल्याने विक्रीचा आकडा फुगू शकतो आणि त्याच वेळी ग्राहक भट्ट्या बंद ठेवत असल्याने मालाची मागणी घटत असते.

मिश्रणाच्या बाबतीत इंकजेट शाईकडे विशेष लक्ष द्यावे. एक मायक्रॉनहून बारीक दळलेली ही शाई हव्या त्या ठिकाणीच पडत असल्याने दर चौरस मीटरला लागणारे रंगद्रव्य कमी होते. ग्राहकाची ही बचत उत्पादकाच्या विक्रीतील घट असते. शाईची किंमत सुरुवातीला चढी होती, पण उत्पादक वाढले तशी ती उतरत गेली. त्यामुळे शाईचे लिटर वाढले एवढे वाचून समाधान मानू नये. त्यातून मिळालेली रक्कम वाढली का, हे विचारावे.

सोने, चांदी, प्लॅटिनम वापरणाऱ्या सजावटी रंगांची विक्री मोठी असेल, तर मौल्यवान धातूंची किंमत वगळून विक्री किती होते ते शोधावे. धातूचा भाव जवळजवळ जसाच्या तसा ग्राहकाकडून वसूल केला जात असल्याने, सोने महागले की कंपनीचे कौशल्य तसूभर न वाढताही विक्री वाढलेली दिसते.

चौथी पायरी: ढोबळ नफा टक्क्यांत नव्हे, रकमेत मोजा

येथे घाई करू नये, कारण बहुतेक वाचक याच ठिकाणी फसतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोणत्याही चलनात विक्री १,००० आहे, कच्चा माल ५०० चा, इंधन, मजुरी व इतर उत्पादन खर्च २५० आणि ढोबळ नफा २५०, म्हणजे २५ टक्के. पुढच्या वर्षी कच्चा माल २० टक्क्यांनी महागून ६०० चा झाला आणि कंपनीने वाढलेले १०० किमतीत चढवून पूर्ण वसूल केले. मालाचे प्रमाण तेवढेच राहिले. आता विक्री १,१०० झाली आणि ढोबळ नफा २५० च राहिला, म्हणजे २२.७ टक्के. विक्री पाहणारा म्हणेल की धंदा वाढला, टक्केवारी पाहणारा म्हणेल की तो ढासळला. प्रत्यक्षात कंपनीची स्थिती तसूभरही हललेली नाही. कच्चा माल स्वस्त झाला की हेच उलट घडते, आणि नफ्याची टक्केवारी सुधारल्याचे श्रेय व्यवस्थापन घेऊ लागते. म्हणून ढोबळ नफ्याची रक्कम आणि विकलेल्या मालाचे प्रमाण या दोन्हींच्या वाढीची तुलना करावी. अहवालात टनांचा आकडा दिला असेल, तर दर टनामागे ढोबळ नफा काढावा.

त्यानंतर कच्च्या मालाचे बाजारभाव पाहावेत. कोबाल्टचा लंडन मेटल एक्स्चेंजवरील भाव मार्च २०१८ मध्ये टनाला सुमारे ९५,००० डॉलरपर्यंत गेला होता, आणि २०१९ च्या मध्यापर्यंत तो ३०,००० डॉलरच्या खाली आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने कोबाल्टची निर्यात स्थगित केल्यावर भाव पुन्हा उसळले. अशा चढउतारात साठ्याचे मूल्यांकन महत्त्वाचे ठरते. भाव उतरले की ग्राहक लगेच सवलत मागतो, पण गोदामातला माल मात्र जुन्या, महाग दरानेच खर्ची पडत राहतो. भाव चढताना याच्या उलट, स्वस्तात घेतलेला साठा चढ्या दराने विकला जाऊन नफा तात्पुरता वाढतो. म्हणून कोणत्याही एका वर्षावर निर्णय देऊ नये, चढ आणि उतार दोन्ही सामावतील अशी किमान दोन-तीन वर्षे एकत्र पाहावीत.

पाचवी पायरी: नफ्याचे पैसे खरोखर हातात आले का ते पाहा

टाइल उत्पादक उधारीवर माल घेतात आणि मंदीत ही उधारी लांबते. वर्षअखेरचे येणे भागिले वार्षिक विक्री, गुणिले ३६५, असे केले की वसुलीला सरासरी किती दिवस लागतात ते कळते. हे दिवस वाढत असतील, तर विक्री टिकवण्यासाठी कंपनी ग्राहकांना अधिक मुदत देत आहे, किंवा काही ग्राहक अडचणीत आहेत. दिवस अचानक कमी झाले असतील, तर येणी बँकेला विकून रोकड उचलली आहे का, हे टिपांमध्ये शोधावे. मौल्यवान धातू काही कंपन्या विकत न घेता बँकांकडून शुल्क देऊन वापरायला घेतात. तो साठा ताळेबंदात दिसत नसला तरी गरज पडल्यास त्यासाठी रोकड उभी करावी लागते.

रोख प्रवाह पत्रकातील यंत्रसामग्रीवरचा खर्च घसाऱ्याशी, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी हिशेबात धरलेल्या रकमेशी, ताडून पाहावा. वितळलेला बोरॉनयुक्त रस भट्टीचे अस्तर हळूहळू खात असतो आणि ते ठरावीक वर्षांनी बदलावेच लागते. यंत्रसामग्रीवरचा खर्च सलग काही वर्षे घसाऱ्याहून बराच कमी असेल, तर आजची रोकड उद्याच्या दुरुस्तीतून आलेली असण्याची शक्यता धरावी.

सहावी पायरी: ‘एकवेळचा’ खर्च पाच वर्षांचा मांडा

पुनर्रचना, कारखाना बंद करणे, जुन्या जागेची पर्यावरणीय साफसफाई असे खर्च वगळून ‘समायोजित नफा’ दाखवण्याची पद्धत सर्वत्र आहे. पाच वर्षांचे अहवाल घेऊन हे खर्च एका कागदावर लिहावेत. ते दरवर्षी येत असतील, तर ते धंद्याचेच खर्च आहेत असे समजून समायोजित नफ्यातून वजा करावेत.

सातवी पायरी: चलनाच्या आणि लेखापरीक्षकाच्या टिपा वाचा

टाइल उद्योग तुर्कस्तान, इजिप्त आणि अर्जेंटिना यांसारख्या देशांतही असल्याने तेथे उपकंपन्या असणे स्वाभाविक आहे. आंतरराष्ट्रीय लेखा मानक २९ नुसार तीन वर्षांची एकत्रित महागाई १०० टक्क्यांच्या जवळ पोहोचणे किंवा तिच्या पुढे जाणे हे अतिमहागाईचे एक लक्षण मानले जाते. अशा अर्थव्यवस्थेतील उपकंपनीचे आकडे महागाईनुसार पुन्हा मांडावे लागतात, आणि तेथील वाढ मूळ चलनात कितीही मोठी दिसली तरी अहवालाच्या चलनात ती किती उरते हेच विचारात घ्यावे. लेखापरीक्षकाने कोणत्या बाबींवर अधिक तपासणी केली, हे त्याच्या अहवालात लिहिलेले असते. साठ्याचे मूल्य किंवा जुन्या खरेद्यांपोटी ताळेबंदात राहिलेली ख्यातिमूल्याची रक्कम (कंपनी विकत घेताना तिच्या मालमत्तेच्या मूल्याहून जास्त मोजलेले पैसे) तेथे नमूद असेल, तर त्या बाबीची टीप शेवटपर्यंत वाचावी आणि ख्यातिमूल्य अजून टिकून आहे का हे ठरवताना भविष्यातील विक्रीवाढीचा जो दर गृहीत धरला आहे, तो तिसऱ्या पायरीत आपण काढलेल्या प्रमाणातील वाढीशी जुळतो का, ते पाहावे.