ऑक्टोबरच्या उन्हात भाजी लावण्यापूर्वी

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ऊन, वारा, हवेतील दमटपणा आणि मातीतील ओल इतक्या झपाट्याने बदलतात, की पावसाळाभर तरारलेली रोपे अचानक कोमेजतात आणि आपण पानामागे कीड शोधत बसतो. पुष्कळदा कीड नसतेच. म्हणून औषधाची बाटली उघडण्यापूर्वी या निर्जीव घटकांची पाहणी करावी.

सर्वांत आधी ऊन पाहावे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या माथ्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यानंतर तो दक्षिणेकडे कलत जातो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर येतो. याचा अर्थ असा, की उत्तरेकडच्या बाल्कनीत या हंगामात फळभाजी लावण्यात काही राम नाही, तर दक्षिणेकडच्या खिडकीत, समोर उंच इमारत नसल्यास, ऊन घरात खोलवर येते. वांगी, टोमॅटो, मिरची यांना किमान सहा तास थेट ऊन लागते. पालेभाज्या त्याहून कमी उन्हातही येतात. सावलीत वाढलेली कुंडी मात्र एकदम उन्हात ठेवू नये, कारण ढगाळ हवेत वाढलेली कोवळी पाने एका दुपारीत भाजतात. आठ-दहा दिवस सकाळचे ऊन थोडे थोडे वाढवत न्यावे. गच्चीवरच्या कुंड्या विटांवर ठेवाव्यात, कारण तापलेल्या स्लॅबची धग थेट मुळांना लागते.

चार महिन्यांच्या पावसाने मातीतील नत्र वाहून आणि झिरपून गेलेले असते आणि वरचा थर दबून घट्ट झालेला असतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राच्या कमतरतेची शंका घ्यावी. माती ओली असूनही रोप मलूल दिसत असेल तर मुळांना हवा मिळत नाही असे समजावे, आणि अशा वेळी आणखी पाणी घालणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. कुंडीचे तळाचे छिद्र मोकळे करावे आणि वाफसा आल्यावरच, म्हणजे जादा पाणी निघून माती ओलसर पण भुसभुशीत झाल्यावरच, ती हलवून तीत चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे.

पेरणीची वेळ तापमान पाहून ठरवावी. टोमॅटोची रोपे आता तयार केल्यास फुलोरा डिसेंबरच्या थंडीत येतो. रात्री उबदार असताना आलेली फुले बरेचदा फळ न धरताच गळतात. कोथिंबिरीची घाई करू नये, कारण तापलेल्या मातीत धणे नीट उगवत नाहीत आणि उगवलेच तर लवकर फुलावर जातात. नोव्हेंबर लागल्यावर धणे रगडून दोन फाके करून, रात्रभर भिजवून पेरावेत. लाल माठ मात्र उष्णता सोसतो, तेव्हा रिकामा वाफा त्याला द्यावा.

पाऊस थांबला की पानांवरचे मीठ आणि धूळ धुणारेही कोणी उरत नाही. समुद्राकडे तोंड असलेल्या घरांत पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, ते बहुधा खाऱ्या वाऱ्याचे काम असते. बांधकामाजवळच्या झाडांवर बसलेला धुळीचा थर पानांचा प्रकाश अडवतो. दोन्हींवर उपाय एकच: आठवड्यातून एकदा सकाळी गोड्या पाण्याने पाने धुवावीत, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती सुकतात आणि बुरशीला वाव राहत नाही. गोराई-मनोरीसारख्या खाडीकाठच्या वाड्यांत विहिरीचे पाणी हिवाळ्यानंतर खारट होऊ लागण्याचा धोका असतो. तेथे आताच पाण्याची क्षारता तपासून घ्यावी आणि वाफ्यांवर पेंढ्याचे किंवा पाल्याचे आच्छादन घालावे. बाष्पीभवन कमी झाले की क्षार वरच्या थरात साचण्याचा वेगही कमी होतो.