हॉस्पिसची खोली आखताना या चुका टाळा

हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांना अखेरच्या काळात सांभाळणारे केंद्र. त्याचा आराखडा दाखवायला येणारे नवे वास्तुरचनाकार आधी स्वागतकक्ष उलगडतात: दुप्पट उंचीचे छत, ग्रॅनाइटचे काउंटर, कोपऱ्यात कारंजे. खोल्या शेवटी येतात आणि त्याही उभ्या माणसाच्या नजरेने आखलेल्या असतात. इथला रुग्ण मात्र दिवसाचे बहुतेक तास पाठीवर पडून असतो, त्यामुळे त्याची खोली म्हणजे छत, समोरची भिंत आणि खिडकीतून दिसेल तेवढे बाहेरचे जग.

पुण्यातल्या अशा एका केंद्रात छताला, बरोबर उशीच्या वर, एलईडी पॅनेल बसवले होते. उद्घाटनाला उजेडाचे कौतुक झाले. पुढे परिचारिकांनी त्यावर एक्स-रेच्या पाकिटांचा खाकी कागद चिकटपट्टीने लावला, कारण तो उजेड मिटलेल्या पापण्यांतूनही टोचत होता. मी पलंगाच्या वर छताला दिवा ठेवतच नाही. भिंतीवरून छताकडे जाणारा मंद उजेड, तपासणीसाठी वळवता येणारा दिवा आणि बटण रुग्णाच्या हाताशी, एवढे पुरते. पडल्यापडल्या बाहेरचे दिसावे म्हणून खिडकीचा कठडा दोन फुटांच्या वर नेऊ नये.

त्याच केंद्रात प्रत्येक खोलीला व्हरांडा होता, पण तिथे जायला सहा फुटी सरकते दार होते. दोन पल्ल्यांचे असे दार उघडले की वाट जेमतेम तीन फुटांची राहते, शिवाय पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून रुळाची पट्टी इंचभर वर ठेवलेली. मुळशीकडच्या एका आजोबांना पहिला पाऊस पाहायचा होता. पलंग दारातच अडकला, तेव्हा जावयाने आणि वॉर्डबॉयने त्यांना चादरीसकट उचलून बाहेर खुर्चीत बसवले. कण्यातल्या वेदनेमुळे लगेच परत आणावे लागले. सरकत्या दाराने जागा वाचते हे खरे, पण इथे तो आळशी उपाय आहे. बाहेर उघडणारी दोन पाखी मिळून पाच फुटांची वाट द्यावी, जमीन आतबाहेर एका पातळीत ठेवावी, व्हरांड्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि दारालगत जाळी घातलेली नाली काढावी. काम मंजूर करण्याआधी मी खरा पलंग, सलाइनच्या स्टँडसह, त्या दारातून ढकलून पाहतो.

पुण्यात वारज्याला १९९७ साली सुरू झालेल्या, सिप्ला या औषध कंपनीच्या अशाच केंद्रात रुग्णासोबत घरचे माणूस राहते, हे ठाऊक असूनही लोक त्या माणसासाठी प्लास्टिकची खुर्चीच मांडतात. पाय पसरून झोपता येईल असा दिवाण आणि रात्री दोनला चहा करता येईल असा ओटा हवाच.

चकचकीत फरशी नको. संडासाचे दार बाहेर उघडावे, कारण आत पडलेला माणूसच दार अडवतो. फिनाइलचा उग्र वास मळमळ वाढवतो. धाप लागलेल्या रुग्णाला चेहऱ्यावर वारा लागला की बरे वाटते, म्हणून छताच्या पंख्याशिवाय उशीपाशी छोट्या पंख्यासाठी सॉकेट द्यावे. हे सॉकेट आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे, दोन्ही इन्व्हर्टरवरच घ्यावीत.