गावच्या जुन्या किराणा दुकानाचा इतिहास कसा लिहावा

सोलापूर जिल्ह्यातील पुष्कळ गावांत दोन-तीन पिढ्या चाललेले किराणा-भुसार दुकान आजही दिसते. त्याचा इतिहास लिहायला बसणारे बहुधा संस्थापकाचे नाव, स्थापनेचे साल आणि भिंतीवरचा फोटो एवढ्यावर थांबतात. माझ्या मते सुरुवात उधारीच्या वहीपासून करावी. शेतकऱ्याच्या हाती पैसा कोणत्या महिन्यात येत होता आणि तो येईपर्यंत घर कशावर चालत होते, याची इतकी सलग नोंद गावात दुसऱ्या कोणत्याही कागदात सहसा मिळत नाही.

वह्या मागताना दुकानदाराच्या घरातील वडीलधाऱ्यांना हेतू स्पष्ट सांगावा. वह्या माळ्यावर, धान्याच्या कोठीत किंवा देवघराशेजारच्या पेटीत असण्याचा संभव असतो. रोजच्या व्यवहारांची रोजकीर्द आणि गिऱ्हाईकवार खतावणी अशा दोन्ही वह्या शोधाव्यात, कारण एकीत तारीख नेमकी मिळते, तर दुसरीत एका घराचा वर्षभराचा हिशेब एकत्र दिसतो. पाने दमट असतील तर ती सावलीत वाळू द्यावीत, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि बांधणी उसवू नये. प्रत्येक पानाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे आणि त्याला वहीचा व पानाचा क्रमांक द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु पुढचे सारे लेखन त्यावरच उभे राहते.

जुन्या वह्या मोडी लिपीत असू शकतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात कन्नड नोंदीही आढळू शकतात, तर मारवाडी किंवा गुजराती घराण्याच्या दुकानात त्यांच्या लिपीतील हिशेब असू शकतो. वाचता येणाऱ्या माणसाला शेजारी बसवून वाचन करून घ्यावे, अंदाजाने अक्षरे लावू नयेत. तारखांचे रूपांतरही जपून करावे. शालिवाहन शकात चैत्र पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79 मिळवले की इसवी सन येतो. दिवाळीला वही बदलणाऱ्या व्यापाऱ्यांनी विक्रम संवत लिहिला असेल, तर दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत 57 आणि त्यानंतर 56 वजा करावेत.

पैशाचा आणि मापाचा हिशेब मूळ रूपात उतरवून घ्यावा आणि रूपांतर शेजारी लिहावे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे 16 आणे आणि आण्याचे 12 पै होते, म्हणजे 3 रुपये 6 आणे ही रक्कम 3 रुपये साडेसदतीस नवे पैसे होते. मेट्रिक वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. 80 तोळ्यांचा प्रमाण शेर सुमारे 933 ग्रॅमचा, म्हणून 5 शेर गूळ म्हणजे साधारण 4.67 किलो. मात्र धान्य मापाने, म्हणजे भांडे भरून, दिले जाई, आणि मापाचा शेर व वजनाचा शेर एक नव्हे. चार शेरांची पायली सर्वत्र म्हणत असले तरी एका पायलीत ज्वारी किती वजनाची बसे, हे त्याच गावच्या जुन्या मापाने मोजून पाहावे. दुकानात लोखंडी वजने किंवा अधोली-चिपटे ही धान्य मोजायची मापे उरली असतील, तर त्यांची व त्यांवरील शिक्क्यांची छायाचित्रे घ्यावीत.

यानंतर खरे वाचन सुरू होते. कोणतीही पाच-सहा घरे निवडून त्यांची महिनावार उधारी आणि जमा यांचा तक्ता करावा. सोलापूर हा मुख्यतः रब्बीचा मुलूख. ज्वारीची पेरणी भाद्रपद-आश्विनात होते आणि काढणी माघ-फाल्गुनात, त्यामुळे जमेच्या रकमा पाडव्याच्या आसपास एकवटल्या आहेत का, हे पाहावे. रोकड नसलेल्या घरांतील बायका सुपातून जोंधळे आणून मीठ, तेल, काडेपेटी नेत. अशी देवघेव वहीत क्वचितच उतरते, म्हणून तिची विचारपूस स्वतंत्र करावी. 1972 च्या दुष्काळातील पाने विशेष लक्षपूर्वक वाचावीत. रोजगाराच्या कामांवरची खडी फोडणी, तेथे मिळणारी सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) आणि रेशनची तांबडी मिलो ज्वारी यांच्या आठवणी वृद्ध माणसे सांगतात, आणि त्या महिन्यांत दुकानातून काय उचलले गेले व काय थांबले, हे वही सांगते. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. ज्या गावांत त्याचे पाणी पोहोचले, तेथे पाडव्याच्या जागी उसाच्या बिलाची आणि पुढे दुधाच्या पगाराची तारीख आली का, याचा शोध घ्यावा. दुकानाच्या मांडणीतही हा बदल उतरतो. कासरा, नाडा, सुतळी, कंदिलाच्या काचा यांची जागा कशाने घेतली, ते त्या-त्या दशकाच्या खरेदी-पावत्यांवरून लिहावे.

माल कोठून आणि कसा येई, हा प्रश्न स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचा आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोड स्थानकापासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत वाढली. त्या मार्गाजवळच्या गावात माल कोणत्या स्थानकावर उतरे आणि तेथून बैलगाडीने किती वेळात येई, हे विचारावे. मार्गापासून दूरच्या गावांसाठी सोलापूरची मंगळवार पेठ किंवा बार्शीची बाजारपेठ यांच्याशी असलेले संबंध, तेथील आडत्याची (दलालाची) पेढी आणि गाडीभाडे यांची नोंद करावी.

सर्वांत नाजूक भाग जमिनीचा आहे. सोलापूर, पुणे, नगर आणि सातारा या जिल्ह्यांना 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा लागू झाला, तो 1875 च्या सावकारविरोधी दंगलींनंतर. म्हणजे दुकान व सावकारी यांची सांगड हा येथे जुना आणि दुखरा विषय आहे. दुकानदाराने रोकड कर्ज दिले होते का आणि उधारीपोटी जमीन गहाण पडली का, हे तलाठ्याकडील जुन्या फेरफार नोंदींतून तपासावे. सापडलेले टाळू नये, आणि न सापडलेले गृहीत धरू नये. एकाच दुकानाने दुष्काळात धान्य उधार देऊन घर तगवले असेल आणि त्याच घराचे शेत गहाणही घेतले असेल. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहाव्यात, एकीने दुसरी झाकू नये. माझा या बाबतीत आग्रह आहे, कारण अशा पुस्तिका बहुधा दुकानदाराच्या घरातूनच छापल्या जातात आणि ऋणको कुटुंबांचा आवाज त्यांत उरत नाही.

म्हणून मुलाखती केवळ दुकानदाराच्या घरात घेऊन थांबू नये. शेतमजुरी करणारी घरे, हमाल, गाडीवान आणि घरखर्च सांभाळणाऱ्या वृद्ध स्त्रिया यांच्याशी बोलावे. पुढ्यात वहीचे छायाचित्र ठेवले की आठवणी नेमक्या होतात. मात्र कोणाच्याही घराची थकबाकी त्याच्या शेजाऱ्यासमोर उघड करू नये.

सरकारी कागदांत ग्रामपंचायतीच्या नमुना क्रमांक 8 मधील घर-दुकानाची नोंद पाहावी. 1884 च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये शेती, व्यापार आणि सावकारी यांचे वर्णन आहे. त्यावरून जिल्ह्याची पार्श्वभूमी घ्यावी, गावाचे निष्कर्ष काढू नयेत.

छापण्यापूर्वी ऋणको घरांची नावे बदलावीत किंवा केवळ 'मळ्यावरील एक घर' असे लिहावे, आणि मसुदा दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवून त्यांची दुरुस्ती समासात तारखेसह टिपावी. वह्यांच्या छायाचित्रांचा एक संच दुकानदाराकडे ठेवावा आणि त्यांच्या लेखी संमतीने दुसरा गावच्या ग्रंथालयात द्यावा. त्या संचाबरोबर कोणत्या वहीतील कोणती साले गहाळ आहेत, याची यादी जोडावी.