गाडीचं काम शिकताय? आधी गाडीखाली जा, इंजिन नंतर

दहावीनंतर आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल, म्हणजे एमएमव्हीला अ‍ॅडमिशन घेतलेली मुलं भेटली की बहुतेकांना इंजिन उघडायची घाई असते. मी साताऱ्याला एमएमव्ही केलं, मग पुण्यात अ‍ॅप्रेंटिसशिप, आणि आता मल्टीब्रँड गॅरेजला काम करतो, त्यावरून सांगतो की पहिले काही महिने सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर यातच घालवा. नवीन पोराच्या हातात इंजिन लगेच कोणी देत नाही, आणि हल्लीची इंजिनं पूर्वीइतकी उघडावीही लागत नाहीत. खालचं काम मात्र रोज असतं, पावसाळ्यानंतर तर गाड्यांची रांग लागते.

गाड्यांचे प्रकार पुस्तकात हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही, एमपीव्ही असे दिलेत ते पाठ करा, परीक्षेत लागतात. गॅरेजमध्ये मात्र दोनच प्रश्न विचारायचे, गाडी चासीवर, म्हणजे खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर आहे का मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, आणि ओढतात कुठली चाकं, पुढची का मागची. इनोव्हाचंच बघा, क्रिस्टा शिडीसारख्या लॅडर चासीवर आणि मागच्या चाकांवर चालते, तर हायक्रॉस मोनोकॉक आणि पुढच्या चाकांवर. नाव एकच पण खाली गेलात की दोन वेगळ्याच गाड्या, एकीला ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागे ती दोन चाकांत वाटणारं डिफरन्शिअल दिसेल, दुसरीला पुढेच ड्राइव्ह शाफ्ट. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्या एवढ्या का निघतात तर त्यांना कर कमी बसायचा म्हणून कंपन्यांनी मापच तसं धरलं. आणि लायसनसाठी एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) म्हणजे एकूण वजन 7500 किलोपर्यंतची गाडी, हे तोंडीला हमखास विचारतात.

आता सस्पेन्शन. पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग, शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) नाही. स्प्रिंग दबली की परत उसळणार आणि उसळतच राहणार, ती उसळी थांबवायचं काम शॉकअपचं. आतलं ऑइल बारीक व्हॉल्व्हमधून ढकललं जातं, उसळीची ताकद उष्णतेत जाते, म्हणूनच खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो. त्यामुळे गाडी एका बाजूला बसली असेल तर आधी स्प्रिंग बघायची, आणि खड्ड्यानंतर गाडी डोलत राहत असेल तर शॉकअप.

स्विफ्टसारख्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा, पिळ खाणारा आडवा बीम असतो. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, जागा कमी खातो, भाग कमी, स्वस्त, म्हणून छोट्या गाड्यांना सगळीकडे हाच. बोलेरोला मागे पाटे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. पाट्यांमध्ये मेन पाटा, सेंटर बोल्ट, यू बोल्ट आणि एका टोकाला शॅकल, म्हणजे हलती कडी, आणि शॅकल कशाला तर लोड आला की पाटा सरळ होतो, लांबी वाढते, त्याला सरकायला जागा लागते. पाटा तुटला तर बऱ्याचदा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो, कारण यू बोल्ट ढिले असतात आणि पाटे तिथे हलत राहतात, म्हणून नवीन पाटे बसवल्यावर थोडं रनिंग झालं की यू बोल्ट परत आवळायला गाडी बोलवायचीच. आणि एसटीच्या लालपरीत बसून मग शिवनेरी पकडा, पाटे आणि एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) यातला फरक कुठल्याही चार्टपेक्षा चांगला कळतो.

गिऱ्हाईक येऊन म्हणतं "खालून आवाज येतोय", आणि बरीच गॅरेजं सरळ शॉकअपची जोडी लिहून देतात, हे मला अजिबात पटत नाही. आधी ट्राय मारा, सोबत गिऱ्हाईकाला बसवा, आवाज कधी येतो ते ऐका. छोट्या खड्ड्यांवर हळू चालताना कटकट येते ती बऱ्याच वेळा लिंक रॉडची, म्हणजे गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडणाऱ्या छोट्या दांडीची, आणि लिंक रॉड शॉकअपच्या मानाने फारच स्वस्त. ब्रेक मारताना एकदम धाडकन आवाज येत असेल तर लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टंग करून सुटत असेल तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग, फुल टर्न मारून चालताना टकटकटक तर ते सस्पेन्शन नाहीच, ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा, प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा, तिथे प्ले म्हणजे टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक, किंवा स्टिअरिंग रॅक. शॉकअपवर ऑइल गळून धूळ चिकटलेली ओली पट्टी दिसली तर मात्र जोडीच बदलायची, एकच नाही.

टायर वाचायला शिका. आतली कड झिजली तर अलाइनमेंट गेलंय नाहीतर आर्म वाकलाय, मध्येच झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, आणि तुकड्या-तुकड्यात खळगे पडलेत तर शॉकअपवर संशय घ्या. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका.

आता एक बारीक गोष्ट, जी आयटीआयत क्वचितच कोणी सांगतं. लोअर आर्म बदलताना गाडी लिफ्टवर लटकलेली असते, आर्म खाली झुकलेला असतो. तिथेच बुशचे बोल्ट फुल टाइट केले तर गाडी खाली उतरल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची किंवा आर्मखाली जॅक लावून तेवढा लोड द्यायचा, आणि मग टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळायच्या पान्याने, आवळायचे. या एका सवयीने गाडी त्याच तक्रारीसाठी परत येत नाही.

मेंटेनन्सचं थोडक्यात सांगतो, कारण ते रोज करून आपोआप येतं. ऑइल, फिल्टर, कूलंट यांचे किलोमीटर प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतात, तेच धरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी बदलायचं, हे लोकांना समजावून सांगावं लागतं. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, उस्ताद गेला तरी तुम्ही स्टँड लावा. आणि स्ट्रटची स्प्रिंग चांगल्या कंप्रेसरशिवाय सोडवू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो, इथे घाई करणाऱ्याचं ऐकू नका.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता मेकॅनिकचं काय, असं पालक विचारतात. ऑइल, क्लच, सायलेन्सर हे जाईल. पण बॅटरीमुळे गाडीचं वजन वाढतं आणि बुश, बॉल जॉइंट, टायर यांच्यावरचा ताणही वाढतो, ते काम राहणारच. फक्त केशरी रंगाच्या वायरी हाय व्होल्टेजच्या असतात, ट्रेनिंग झाल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

आयटीआय संपली की अ‍ॅप्रेंटिसशिप सोडू नका, स्टायपेंड थोडा वाटला तरी. जागा निवडायला मिळत असेल तर जिथे अपघाताच्या आणि सस्पेन्शनच्या गाड्या येतात ती घ्या, नुसतं वॉशिंग आणि ऑइल बदली करणारी नको. पुढे शिकायचं असेल तर दहावी आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, त्याची कागदपत्रं रिझल्ट लागायच्या आधीच गोळा करून ठेवा.