बडोदेकरांनी टोकियोचं युशुकान कसं पाहावं

टोकियोच्या सहलीच्या कार्यपत्रिकेत युशुकान सहसा नसतं. तो अर्धा दिवस स्वतःच मोकळा काढावा लागतो. जपानच्या लष्करी इतिहासाचं हे संग्रहालय १८८२ साली सुरू झालं आणि ते यासुकुनी या शिंतो देवस्थानाच्या आवारात आहे. नुसतं आवारात नाही, ते देवस्थानाच्याच मालकीचं आहे, सरकारचं नाही. ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, म्हणजे आतल्या पाट्या कशा वाचायच्या हे आपोआप कळतं. कुठल्याही क्षेत्राच्या स्थळपुराणात त्या क्षेत्राचं माहात्म्य असतं. तिथे उलटतपासणी नसते.

हे देवस्थान १८६९चं. १८५३ पासून जपानच्या बाजूने लढताना मेलेल्या सुमारे २४ लाख ६६ हजार जणांना इथे देव मानलं जातं. १९७८ साली त्यांत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टोकियो खटल्यातल्या ‘अ’ वर्गाच्या १४ युद्धगुन्हेगारांची भर पडली. चीन आणि कोरियाचा राग आहे तो यावरून.

निघण्यापूर्वी

व्हिसा आणि विमानाचं तुमचा एजंट बघेल. तुम्ही दोन हिशेब पाठ करा, आत सारखे लागतात.

पहिला हिशेब सालांचा. जुन्या पत्रांवर आणि वस्तूंवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. मेइजी असेल तर १८६७ मिळवा, ताइशो असेल तर १९११, शोवा असेल तर १९२५. मेइजी ३८ म्हणजे १९०५, रशियाचं आरमार बुडालं ते साल. शोवा २० म्हणजे १९४५. घरात शके आणि शेजारी विक्रम संवत अशा दोन पंचांगांत वाढलेल्या बडोदेकराला हे जड जाऊ नये.

दुसरा हिशेब शस्त्रांच्या नावांचा. ‘९७ प्रकारचा रणगाडा’, ‘८९ प्रकारची तोफ’ यांतले आकडे मिलिमीटर नव्हेत आणि अनुक्रमांकही नव्हेत. जपानच्या पौराणिक राजशकाचे ते शेवटचे दोन अंक आहेत. इसवी सनात ६६० मिळवले की तो शक येतो. २५९७ म्हणजे १९३७, २५८९ म्हणजे १९२९. ‘झिरो’ या जपानी लढाऊ विमानाचं नावही यातूनच आलं: ते १९४० साली, म्हणजे २६०० या वर्षी सेवेत आलं, आणि शेवटी उरलं शून्य. हे माहीत असलं की शस्त्र नवं होतं की युद्धाच्या वेळीच जुनं झालं होतं, ते पाटी न वाचताही कळतं.

जमलं तर जाण्याआधी एक फेरी प्रतापनगरच्या रेल्वे हेरिटेज पार्कमध्ये मारा आणि रुळांमधलं अंतर डोळ्यांत भरून घ्या. डभोई भागातली नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची. त्याचा उपयोग पुढे आहे.

वेळ आणि वाट

संग्रहालय सकाळी ९ ते दुपारी ४.३० उघडं असतं आणि शेवटचा प्रवेश ४ वाजता. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे टोकियोत ९ वाजतात तेव्हा बडोद्यात पहाटेचे साडेपाच. उतरल्याच्या दुसऱ्याच सकाळी गेलात तर दहाव्या पाटीपाशी डोळे मिटायला लागतात. तिसरा दिवस चांगला. वर्षात काही दिवस ते देखभालीसाठी बंदही असतं, तेव्हा आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर तारीख बघून घ्या.

१५ ऑगस्ट टाळा. आपला स्वातंत्र्यदिन तो त्यांचा युद्ध संपल्याचा दिवस. त्या दिवशी आवारात प्रचंड गर्दी, पोलीस, घोषणा देणारे गट असं सगळं असतं. जुलैच्या १३ ते १६ तारखांना कंदिलांचा मितामा उत्सव असतो. तो बघायला सुंदर, पण संग्रहालय शांतपणे पाहायला वाईट.

मेट्रोने कुदानशिता स्टेशनवर उतरा आणि एक नंबरच्या दाराने बाहेर पडा. शिंजुकूहून शिंजुकू लाइनने हे चौथं स्टेशन. ‘शिता’ म्हणजे खाली. नावातच सांगितलंय की तुम्ही चढाच्या पायथ्याशी आहात. चढ पाचेक मिनिटांचाच आहे, पण ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी घाई करू नये. समोर पंचवीसेक मीटर उंच पोलादी तोरी, म्हणजे शिंतो देवळाची कमान, दिसते. तीच तुमची खूण. तिच्या खालून सरळ आत जा. वाटेत उंच चौथऱ्यावर ओमुरा मासुजिरोचा, जपानच्या आधुनिक सैन्याचा पाया घालणाऱ्याचा, पुतळा लागतो. तो १८९३चा, पाश्चात्त्य पद्धतीने ओतलेला जपानमधला पहिला कांस्यपुतळा. मुख्य देवळाच्या उजव्या हाताला युशुकान.

देवळात हात जोडलेच पाहिजेत असं नाही. तोरीखालून जाताना किंचित मान लववणं पुरेसं. लष्करी छापाचे कपडे मात्र घालू नका. इथे त्याचा अर्थ फॅशन असा होत नाही. देवळाच्या गाभाऱ्याकडे कॅमेरा रोखू नका.

दर्शनी दालन: इथे घाई करू नका

काचेच्या इमारतीत शिरताच समोर झिरो विमान, वाफेचं इंजिन आणि दोन तोफा दिसतात. या दालनाला तिकीट नाही आणि फोटोही काढता येतात. बहुतेक लोक विमानाबरोबर सेल्फी घेऊन पुढे सरकतात. आमच्या मते भारतीय माणसाने इथे सर्वांत जास्त वेळ इंजिनापाशी घालवावा.

इंजिनाचा नंबर सी५६ ३१. ‘सी’ म्हणजे चालणाऱ्या चाकांच्या तीन जोड्या, ५० च्या पुढचा आकडा म्हणजे कोळशा-पाण्याचा डबा वेगळा जोडलेलं इंजिन. त्या मागच्या डब्याच्या दोन्ही बाजू वरून कापल्यासारख्या आत घेतल्या आहेत. इंजिन उलटं चालवताना ड्रायव्हरला मागचा रूळ दिसावा म्हणून. फिरवायची सोय नसलेल्या छोट्या शाखांसाठी ते बांधलेलं होतं. आता खाली वाका आणि चाकं बघा. जपानचा रूळ १०६७ मिलिमीटरचा, थायलंड आणि ब्रह्मदेशाचा १०००चा, आपल्या मीटरगेजचा. या वर्गाची ९० इंजिनं युद्धात तिकडे पाठवताना प्रत्येक जोडीतली चाकं ६७ मिलिमीटर जवळ आणावी लागली. हाताच्या चार बोटांची रुंदी जेमतेम एवढी.

हे इंजिन थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर धावलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये ४१५ किलोमीटरचा तो मार्ग पुरा झाला, तेव्हाच्या उद्घाटनात ते होतं. १९७९ मध्ये ते जपानला परत आणलं. पाटीवर हे मिळतं. मिळत नाही ते असं: मार्ग बांधायला जुंपलेल्या साठ हजारांहून अधिक युद्धकैद्यांपैकी बारा हजारांवर मेले, आणि आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पट मेले. त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. म्हणजे आपली माणसं. पुढच्या प्रत्येक दालनात हीच पद्धत ठेवा. लोखंडाबद्दलचा आकडा पाटीवरून घ्या, माणसांबद्दलचा आकडा सोबत नेलेल्या टिपणावरून.

झिरोचं हे ५२ नंबरचं मॉडेल. आधीच्या २१ नंबरच्या पंखांचा विस्तार १२ मीटर होता, याचा ११. नाकाजवळ बाजूला धुराड्याच्या आखूड नळ्या वेगवेगळ्या बाहेर आलेल्या दिसतील. त्यातून सुटणाऱ्या वायूचाही थोडा ढकला मिळावा म्हणून. वजन कमी ठेवण्यासाठी वैमानिकामागचं चिलखत आणि टाकीचं संरक्षण सोडून दिलं होतं. म्हणून ते वळायचं झकास आणि पेटायचंही चटकन.

तिकीट आणि वरचा मजला

मोठ्यांना १००० येन, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ५००, माध्यमिक शाळेतल्यांना ३००. लहान मुलं फुकट. तिकीट मशीनमधून येतं. हजाराच्या नोटा जवळ असू द्या. जपानी ‘पहिला मजला’ म्हणजे आपला तळमजला. दालनांचा क्रम दुसऱ्या मजल्यावर सुरू होतो. सरकत्या जिन्याने आधी वर जायचं, मग पाहत पाहत खाली उतरायचं. हे उलटं झालं तर कालक्रम पार विस्कटतो आणि गर्दीच्या उलट्या दिशेने चालावं लागतं.

वरच्या दालनांत फोटो काढता येत नाहीत. इथे गडबड होते ती भाषांतराच्या ॲपमुळे. मोठ्या पाट्यांवर इंग्रजी असतं, पण पत्रं आणि छोट्या वस्तूंखाली बरेचदा फक्त जपानी. माणूस मोबाईल वर धरतो आणि कर्मचारी धावत येतो, कारण त्याला तो फोटोच वाटतो. त्यापेक्षा कागद-पेन्सिल घ्या. हे चार शब्द ओळखता आले तरी भागतं: नानजिंग, इंफाळ, बर्मा, इंडिया. इंग्रजी पाट्यांत ते नजरेने टिपता येतात.

सामुराईंच्या तलवारी आणि मेइजी क्रांती अर्ध्या तासात उरका. रशिया-जपान युद्धाला (१९०४-०५) थोडा वेळ द्या. वेग कमी करायचा तो १९३७ पासून, चीनशी युद्ध पेटलं तिथून. त्यांच्या पाट्यांवर आशियातल्या दुसऱ्या महायुद्धाला असलेलं ‘महापूर्व आशिया युद्ध’ हे नाव त्या काळच्या जपान सरकारनेच दिलेलं आहे. चीनमधल्या नानजिंग शहराच्या पाटीवर सैन्याला शिस्तीचा आदेश दिल्याचं वाचायला मिळेल, नागरिकांच्या कत्तलीचं नाही. इंफाळपाशी थांबा. मार्च १९४४ मध्ये सेनापती मुतागुची यांच्या पंधराव्या सैन्याने चढाई केली, आझाद हिंद सेना बरोबर होती. सुमारे तीन आठवड्यांची शिधासामग्री घेऊन डोंगर ओलांडायचे आणि पुढचं शत्रूच्या कोठारातून घ्यायचं असा बेत. कोठारं हाती आली नाहीत आणि पाऊस आला. जपानचे सुमारे तीस हजार सैनिक मेले, त्यातले बरेच उपासमारीने आणि आजाराने. पाटी शौर्याबद्दल किती बोलते आणि तांदळाबद्दल किती, ते मोजा.

खालच्या दालनांत पत्रं, छायाचित्रं आणि सैनिकांच्या वस्तू. त्यात ‘सेन्निनबारी’ शोधा: कमरेला बांधायची पांढऱ्या कापडाची पट्टी, तिच्यावर हजार बायकांनी घातलेल्या हजार लाल गाठी. आई किंवा बायको ती घेऊन रस्त्यात उभी राहायची आणि येणारी-जाणारी एकेक गाठ घालायची. वाघाच्या वर्षी जन्मलेलीला मात्र वयाइतक्या गाठी घालायची मुभा, कारण वाघ लांब जाऊन परत येतो. काही पट्ट्यांवर पाच सेनचं नाणं शिवलेलं असतं. जपानीत ‘चार सेन’ आणि ‘मरणाची रेषा’ यांचा उच्चार एकच, म्हणून पाच म्हणजे त्या रेषेपलीकडे. अविवाहित मेलेल्या मुलांसाठी घरच्यांनी वाहिलेल्या नवरीच्या बाहुल्याही इथे आहेत. या दालनात बोलू नका. शेजारी उभी असलेली म्हातारी कुणाची तरी बहीण असू शकते.

मोठ्या दालनात ‘काइतेन’ आहे: १४.७५ मीटर लांब, एक मीटर व्यासाचा, आत माणूस बसवलेला टॉर्पेडो, तोंडात १५५० किलो स्फोटक. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालत जा आणि बसायची जागा कुठे आहे ते बघा.

बाहेर पडल्यावर

संग्रहालयाबाहेर न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचा स्मृतिशिलालेख आहे, २००५ साली उभारलेला. टोकियो खटल्यातल्या ११ न्यायाधीशांपैकी सर्व आरोपींना निर्दोष म्हणणारे ते एकटे. भारतीय पर्यटक इथे अभिमानाने फोटो काढतात, काढावा. पण त्याच निकालपत्रात जपानी सैन्याने अत्याचार केल्याचा पुरावा जबरदस्त आहे असंही पालांनी लिहिलं आहे. त्यांचा आक्षेप त्या आरोपींवर ठेवलेल्या गुन्ह्यांच्या कायदेशीर पायाला होता.

जेवणाचं आधी ठरवा. इथल्या उपाहारगृहातली आरमारी करी प्रसिद्ध आहे, पण ती मांसाची असते, आणि साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचं पाणी असतं. दशम्या आणि कोरडा चिवडा बरोबर असला तर बाहेरच्या आवारातल्या बाकावर खा. डबे-कागद परत पिशवीत घाला, कचरापेट्या सापडत नाहीत.

दुपारी ताकद उरली तर चढ उतरून कुदानशिताच्या चार नंबरच्या दाराशी शोवाकान आहे. १९९९ साली सुरू झालेलं हे राष्ट्रीय संग्रहालय युद्धकाळातल्या घरांचं आहे: शिधापत्रिका, मुलांचं स्थलांतर, उपासमार, बॉम्बचा भोंगा. वर जे राहून गेलं त्यातलं पुष्कळ इथे भेटतं, निदान जपानी घरांपुरतं. ते सोमवारी बंद असतं, म्हणून दोन्ही एका फेरीत करायची तर मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस धरा.