ढगाळ दिवस आणि तळ्यातली पहाट: मत्स्यपालकांसाठी पावसाळी सल्ला

पावसाळ्यात तळ्यात मासे मेले की पहिला संशय रोगावर जातो. औषध येतं, पाण्यात पडतं, आणि आठवड्याभरात पुन्हा तोच प्रकार होतो. त्या माशांना बऱ्याचदा रोग झालेलाच नसतो. ते गुदमरून मेलेले असतात, तेही रात्री, कोणी पाहत नसताना. म्हणून या हंगामात माझं पहिलं सांगणं एवढंच आहे: तळ्यावर दिवसाकाठी एकच फेरी मारता येणार असेल, तर ती सूर्य उगवण्यापूर्वी मारा.

यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. एक लिटर हवेत साधारण 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. एक लिटर कोमट पाण्यात तो जेमतेम पाच-सहा मिलिलिटर विरघळतो. पाणी तापेल तशी ही शिल्लक आणखी घटते. 20 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर 30 अंशाला 7.5 मिलिग्रॅमच. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर मासे, शेवाळ, प्राणी प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) आणि तळाचा गाळ अशा सगळ्यांनी रात्र काढायची असते.

दिवसा हिरवं पाणी ऑक्सिजन तयार करतं. लख्ख उन्हात दुपारी तीन-चार वाजता वरच्या थरात मावण्याची मर्यादा ओलांडून 12 मिलिग्रॅमच्याही वर आकडा सापडतो. अंधार पडला की पाणी हिरवं करणारा हाच प्लवंग, म्हणजे तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, ऑक्सिजन खायला लागतो. ढगाळ दिवशी कमाई अर्धी होते आणि रात्रीचा खर्च मात्र तेवढाच राहतो. एक ढगाळ दिवस तळं सोसतं. ओळीने तीन-चार आले की शिल्लक दररोज थोडी खाली घसरते, आणि एखाद्या पहाटे ती संपते. मासे त्या पहाटे मरतात, पण तूट तीन दिवसांपूर्वीच सुरू झालेली असते.

रात्रीचा हिशेब संध्याकाळीच मांडता येतो

अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात क्लॉड बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्जारमाशांच्या (कॅटफिश) तळ्यांवर काम करून 1978 साली पहाटेच्या ऑक्सिजनचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. तिची सोपी आवृत्ती कुणालाही वहीच्या पानावर जमते. रात्री ऑक्सिजन साधारण सरळ रेषेत उतरतो. म्हणून एकदा अंधार पडताना मोजायचं, दोन-तीन तासांनी पुन्हा मोजायचं, आणि तीच रेषा पहाटेपर्यंत ओढायची.

समजा संध्याकाळी सातला 6.6 मिलिग्रॅम आणि रात्री दहाला 5.4 आलं. तीन तासांत 1.2 उतरलं, म्हणजे तासाला 0.4. याच वेगाने रात्री दीडच्या सुमारास 4, पहाटे चारला 3 आणि सहाला 2.2 राहील. आता एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) किती वाजता सुरू करायचा हे वेगळं विचारावं लागत नाही. दीड वाजता सुरू केला तर मासे निवांत राहतात. पाच वाजता मासे वर आलेले पाहून सुरू केला, तर मोटर पळते पण ऑक्सिजन सावरायला वेळ लागतो. मधल्या वेळात पाऊस किंवा जोराचा वारा आला तर रेषा बदलते. तशा रात्री एक जास्तीचं मोजमाप घ्या.

आकड्यांबद्दल थोडं. लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर काळजी नाही. 3 ते 5 च्या दरम्यान मासे जगतात, पण हे दिवसेंदिवस चाललं तर खाणं कमी होतं, वाढ खुंटते आणि रोगाला दार उघडं मिळतं. 2 च्या खाली धोका आहे. सायप्रिनस (कॉमन कार्प) थोडं जास्त सोसतो, चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प) लवकर हार मानतो.

मोजायला डीओ मीटर (विरघळलेला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र) उत्तमच. नसेल तर रसायनांच्या बाटल्यांचं किट चालतं. त्याची मूळ पद्धत हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी 1888 साली शोधली आणि आजही मीटरची खात्री करायला तीच वापरली जाते. नमुना मात्र काठावरचा, हाताने खळबळवलेला नको. मधल्या भागातलं, तळापासून वीतभर वरचं पाणी घ्या आणि बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका. वरच्या पाण्याचा चांगला आकडा बघून निर्धास्त झोपणं ही या दिवसांतली सर्वांत महाग चूक आहे, कारण खालचं पाणी वेगळंच काही सांगत असतं.

ऑक्सिजन खातं कोण?

बहुतेकांना वाटतं, मासेच खातात. हजार चौरस मीटरच्या, दीड मीटर खोल तळ्यात 1500 घनमीटर पाणी असतं. त्यात 500 किलो मासे धरले आणि किलोमागे तासाला 300 मिलिग्रॅम खप धरला, तर सगळ्या पाण्यात मिळून तासाला फक्त 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर एवढी घट माशांमुळे होते. वरच्या उदाहरणात घट होती 0.4. उरलेले तीन हिस्से प्लवंगाने, जिवाणूंनी आणि गाळाने खाल्ले. म्हणजे मासे कमी करून फारसं साधत नाही. पाणी किती गर्द हिरवं होऊ द्यायचं आणि तळाशी किती घाण साठू द्यायची, खरी चावी तिथे आहे.

हिरवेपणा मोजायला सेक्की तबकडी पुरते. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. आपल्याला 20 सेंटिमीटर व्यासाचा पत्रा, त्यावर आलटून पालटून काळे-पांढरे चतकोर आणि खुणा केलेली दोरी एवढंच हवं. तबकडी 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी चांगलं आहे. 20 च्या आत दिसेनाशी होत असेल आणि पाणी हिरवं असेल, तर खत आणि खाद्य दोन्हीला हात आवरा. पावसाळ्यात एक घोटाळा होतो. गढूळ मातीमुळेही तबकडी लवकर दिसेनाशी होते. पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरा. तपकिरी असेल तर माती आहे आणि तिथे प्लवंग फारसा वाढत नाही. अशा तळ्यात ऑक्सिजनची कमाई आधीच कमी असते, हे लक्षात ठेवून एरेटरची वेळ ठरवा.

हिरवं पाणी एका रात्रीत फिकट, तपकिरी किंवा राखाडी झालं, तर प्लवंग मेला आहे असं समजा. मेलेला प्लवंग ऑक्सिजन तयार करत नाही, उलट कुजताना खातो. पुढचे तीन-चार दिवस सर्वांत अवघड असतात. त्या दिवसांत रात्रभर एरेटर लागतो.

खाद्याचा हात

एक किलो खाद्य तळ्यात पडलं की ते माशाच्या अंगात वापरलं जाताना आणि उरलेलं कुजताना साधारण एक किलोच्या आसपास ऑक्सिजन मागतं. शिवाय खाल्ल्यानंतर काही तास माशाचा श्वसनाचा खप वाढलेला असतो. संध्याकाळी उशिरा पोटभर खाऊ घातलेला मासा त्यामुळे नेमक्या टंचाईच्या वेळी जास्त ऑक्सिजन मागतो. ढगाळ दिवसांत खाद्य सकाळी उशिरा, ऑक्सिजन चढायला लागल्यावर द्या. सलग दुसरा ढगाळ दिवस असेल तर निम्मं करा, तिसऱ्या दिवशी बंद ठेवा. दोन दिवस उपाशी राहिलेल्या माशाचं काही बिघडत नाही. माझ्या मते या हंगामात सगळ्यांत स्वस्त एरेटर म्हणजे खाद्याच्या पोत्यावर आवरलेला हात.

शेणखत आणि इतर कच्चं सेंद्रिय खत ढगाळ आठवड्यात टाकूच नका. पहाटे जाळंही ओढू नका. जाळं गाळ ढवळतं, आणि दमलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो.

काय उपयोगी पडतं, काय नाही

पॅडलव्हील (फिरत्या चाकाने पाणी उडवणारा) एरेटर मध्यरात्रीनंतर ते सूर्य वर येईपर्यंत चालवणं हे मुख्य काम. दुपारी पाण्यात ऑक्सिजन मर्यादेपेक्षा जास्त साठलेला असताना तासन्तास एरेटर चालवला तर तो ऑक्सिजन हवेत उडून जातो. भर दुपारी तास-दोन तास मात्र चालवावा, कारण वरचं समृद्ध पाणी खाली जातं आणि तळाचा थर साचून राहत नाही. एरेटर नसेल तर पंपाने पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. पाणी वरच्या थरातूनच ओढा. तळाचं ओढलं तर विषारी वायूही सोबत येतात.

मासे वर आले की पोटॅशियम परमँगनेट टाकायची सवय अनेकांना आहे. ऑबर्नमधल्या प्रयोगांत त्याने तळ्यातला ऑक्सिजन वाढत नाही असंच दिसलं. उलट शेवाळाला मार बसू शकतो, मग कमाईच बुडते. ऑक्सिजन देणाऱ्या भुकटीचं गणित तुम्हीच करा. सोडियम परकार्बोनेटच्या वजनाच्या सुमारे 13 टक्के ऑक्सिजन मिळतो. वरच्या 1500 घनमीटर तळ्यात फक्त 1 मिलिग्रॅम वाढवायला 1.5 किलो ऑक्सिजन हवा, म्हणजे साडेअकरा किलो भुकटी. मूठभर टाकून समाधान मिळेल, ऑक्सिजन नाही. मासे जमलेल्या एका कोपऱ्यात, एरेटर येईपर्यंतचा वेळ काढायला ती वापरता येते.

जोराचा पाऊस पडून गेल्यावर

तापलेल्या तळ्यावर गार पाऊस पडला की वरचं थंड, जड पाणी खाली बसतं आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. त्याच्याबरोबर हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनियाही येतात. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ताबडतोब एरेटर सुरू करा, दिवस असो वा रात्र. सांडव्यावाटे वरचं पाणी जाऊ देण्यापेक्षा तळाचं बाहेर काढणारी नळी बसवता आली तर ते फार चांगलं. सांडव्याला बारीक जाळी आहे ना, तेही पाहून घ्या.

पावसाचं पाणी थोडं आम्ल असतं, सामू (pH) साधारण 5.6. त्याने तळ्याची क्षारता, म्हणजे आम्ल सोसून सामू स्थिर ठेवण्याची ताकद, पातळ होते. क्षारता 20 मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल तर चुना लागतो. जास्त असेल तर केवळ पाऊस पडला म्हणून चुना टाकण्यात अर्थ नाही. मासे असलेल्या तळ्यात चुनखडीची पूड वापरा. ती सामू सव्वाआठाच्या फार वर नेत नाही. कळीचा चुना सामू एकदम चढवतो आणि इथे अमोनियाचा प्रश्न उभा राहतो. 30 अंशाच्या पाण्यात सामू 7 असताना एकूण अमोनियातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो. सामू 8 ला तो साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो आणि 9 ला जवळजवळ 45 टक्के. पाणी तेच, अमोनिया तेवढाच, पण चुन्याच्या एका पाटीने त्याचं विष होऊ शकतं. म्हणून अमोनिया आणि सामू नेहमी जोडीने मोजा, तेही दुपारी, कारण सामू तेव्हा सर्वांत वर असतो.

कल्ले चॉकलेटी दिसले तर नायट्राइट तपासा. ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. नायट्राइटच्या दहापट क्लोराइड असावं असा साधा ठोकताळा आहे. 1500 घनमीटर पाण्यात 25 किलो मीठ विरघळवून पसरलं की सुमारे 10 मिलिग्रॅम क्लोराइड वाढतं.

मेलेले मासे दिसले तर

औषध विकत घेण्याआधी बघा. सगळे मासे एका पहाटे, त्यातही मोठे आधी मेले, गोगलगायी आणि कोळंबी काठाला चढल्या, ऊन वर आल्यावर उरलेले सावरले, तर ते गुदमरणं आहे. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेतात, त्यामुळे ते अशा वेळी तगतात. तेही मेले असतील, आणि पेल्यातल्या पाण्यात एकही प्राणी प्लवंग हलताना दिसत नसेल, तर शेजारच्या शेतातून कीटकनाशक वाहून आल्याचा संशय घ्या आणि पाण्याचा नमुना लगेच थंड जागी ठेवा. रोज दोन-चार मासे, दिवसाच्या कोणत्याही वेळी मरत असतील तरच रोगाचा विचार करा. कधी मेले ते माहीत नसलेले मासे खाऊ नका, विकू नका. ते तळ्यापासून दूर खड्ड्यात चुन्याबरोबर पुरा.

बीज सोडताना

याच दिवसांत बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) येते. बंद पिशवीत प्रवासभर कार्बन डायऑक्साइड साठून सामू उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी न उघडता सावलीत 15-20 मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग उघडून तळ्याचं थोडं पाणी आत घ्या आणि उगाच वेळ न काढता पिल्लांना पोहत बाहेर जाऊ द्या. ढगाळ पहाटे बीज आलं तर आधी तळ्याचा ऑक्सिजन मोजा. 4 च्या खाली असेल तर ऊन वर येईपर्यंत थांबा, आणि तोवर पिशव्या बंदच राहू द्या.